पक्की जागा

भूकंपाचा धक्का बसला तर छत टिकणार नाही, असं सांगून इंजिनिअरनं काल शाळेला कुलूप लावायला लावलं. गावात भरवशाची इमारत उरली एकच, बौद्धविहार. तिथं वर्ग भरवू द्या म्हणायला सरपंच काकासाहेबांना स्वतःच जावं लागलं. दर जयंतीला ते पायरीवरूनच हात जोडून माघारी फिरायचे. आजही पाय तिथंच अडला. वाटेत घोकलेलं वाक्य त्यांनी मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

विहाराची किल्ली सांभाळणाऱ्या बेबीनंदाबाई दारात आल्या.

"बाहेर काहून उभे, सरपंच? पोरं तर सकाळीच आलीत. तुमची नात सगळ्यात पुढं बसून पाढे म्हणून राह्यली."