दोन दिवसांचा आराम

"आबा, जल्मभर मेंढरांमागं फिरलात. दोन दिस मेंढरं मी बघतो, तुम्ही निस्ता आराम करा," असं म्हणत शनिवारी सकाळी संपतनं बापाला, गेणबाला, गावासमोरच्या बेटावर आणून सोडलं. भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्यातल्या या बेटावर आता तंबू लागले होते. दौंड-पुण्याची माणसं पक्षी बघायला आणि चिलापी माशाचं कालवण खायला इथं मुक्कामाला यायची.

दुपारपर्यंतच गेणबाला करमेनासं झालं, म्हणून होडीवाल्या बन्सीनं त्याच्या हातात दुर्बीण दिली. "बघा आबा, फ्लेमिंगो आल्यात."

गेणबानं पक्ष्यांवरनं दुर्बीण हळूच आपल्या गावाकडं वळवली. काठावर व्यापाऱ्याचा टेम्पो उभा होता आणि संपत एकेक मेंढरू त्यात चढवत होता. गेणबानं तोंडाशी हात धरून रोजची हाळी घातली. फळीवर चढलेली म्होरकी मेंढी थबकली, पाण्याकडं वळली आणि ओरडायला लागली.

"बन्सी, होडी काढ! बिगी बिगी!"

बन्सी जागचा हलला नाही.


"होडी उद्या सांजच्यालाच काढायची हाय, आबा. संपतनं तसं बजावलंय."