चुकलेला ठोका

“सर, माझा जीव तुम्ही वाचवलात,” समोरची बाई म्हणाली, आणि शिट्टीसरांच्या हातातली परीक्षानळी बेसिनच्या कडेला आपटली. फुटली नाही, एवढंच.

शाळा सुटून अर्धा तास झाला होता. सर प्रयोगशाळेत नळ्या धूत होते. त्या शाळेत विज्ञान शिकवणारे आणि खेळ घेणारे सर एकच. गळ्यातली शिट्टी ते आम्लं शिकवतानाही काढत नसत, म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. ही बाई पोस्टात नवीन बदलून आलेली. मागच्या आठवड्यात त्यांनी तिच्याकडून तिकिटं घेतली होती. तिचा जीव आपण कधी वाचवला, ते काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरेना.

“तुमची काहीतरी गल्लत होतेय, बाई.”

“बाई कसली, सर! मी तुमची विद्यार्थिनी. चोवीस वर्षांपूर्वी रिलेत शेवटच्या टप्प्याला धावायचे. स्पर्धेच्या आठ दिवस आधी तुम्ही मला याच टेबलाशी उभं केलंत. नरसाळ्याला रबरी नळी जोडून माझ्या पाठीला लावलीत आणि म्हणालात, ‘ठोका चुकतोय तुझा. तुला धावता येणार नाही.’ डॉक्टरांनी तपासलं, तर हृदयाला भोक! ती शर्यत धावले असते तर तिथंच कोसळले असते, म्हणाले. मग शहरात ऑपरेशन झालं, बाबांची बदली झाली, आणि इकडे येणं राहूनच गेलं.”

सर स्टुलावर बसले. आता त्यांना मुलगी आठवली. तिची लांब ढांग आठवली. आणि तो दिवसही आठवला.

त्या सकाळी संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. “आमच्या नातीला शेवटच्या टप्प्याला धावायचंय,” ते म्हणाले होते, आणि लगेच, “तुमची नोकरी अजून कच्चीच आहे, नाही का?” घरी बायकोला सातवा महिना लागला होता. संघातल्या सगळ्यात वेगवान मुलीला काढायचं म्हणजे काहीतरी कारण हवं. सरांनी नरसाळं उचललं. ऐकलं काहीच नाही. वाक्य आधीच ठरलेलं होतं.

मुलगी नुसती बघत राहिली आणि गेली. पुढच्या आठवड्यात हजेरीत तिचं नाव आलं, तेव्हा बाक रिकामा होता. पोरीनं आपल्यामुळेच शाळा सोडली, असं सर चोवीस वर्षं धरून चालले होते.

आणि ती आज समोर उभी राहून आभार मानत होती!

आता लाजायचं की सुटलो म्हणायचं, सरांना समजेना. खोटं बोललो नसतो तर पोर मेली असती. मग ते खोटं चांगलं होतं? पोरांना रोज कारण आणि परिणाम शिकवणाऱ्या माणसाला हा साधा सांधा जुळवता येईना.

“ये गं आत,” बाईनं हाक मारली. दारात दहा-अकरा वर्षांची मुलगी एका पायावर उड्या मारत होती. “ही माझी लेक. हिला तुमच्या संघात यायचंय. डॉक्टरांनी ठणठणीत म्हणून लिहून दिलंय, पण माझं मन मानत नाही. तुम्ही एकदा ऐका, सर. तुम्ही हो म्हणालात तर धावेल, नाहीतर नाही.”

सरांनी नरसाळं आणि नळी शोधून आणली. मुलीच्या पाठीला नरसाळं टेकवलं. नळीतून धाडधाड आवाज आला. पण तो पोरीचा होता की आपलाच, तेच त्यांना ओळखू येईना. “छान आहे” एवढं म्हटलं की झालं. बाई खूश होऊन घरी जाईल. उरलेलं आयुष्य एक माणूस तरी आपल्याला देवमाणूस म्हणेल.

त्यांनी नरसाळं खाली ठेवलं.

“मला यातलं काही कळत नाही,” ते म्हणाले. “त्या दिवशीही कळत नव्हतं. मी काहीच ऐकलं नव्हतं. अध्यक्षांच्या नातीला घ्यायचं होतं, म्हणून तुला काढलं. हिच्या बाबतीत डॉक्टरांचं ऐक. माझं ऐकू नकोस.”

नळ ठिबकत होता, तो बंद करायचंही सरांना सुचलं नाही. बाई चार शब्द सुनावेल, लेकीचा हात धरून चालती होईल, असं त्यांना वाटलं. तिनं लेकीचा हात धरलाही. पण तिला दाराशी नेऊन म्हणाली, “जा, मैदानाला एक चक्कर मारून ये. सर बघतायत.”

पोरगी वाऱ्यासारखी सुटली.

“लेक सोपवायची, तर माणूस खरं बोलतो का ते बघायला नको?” बाई खिडकीशी येत म्हणाली. “तेव्हा कपाटाच्या काचेत मला सगळं दिसत होतं, सर. नळीचं टोक तुमच्या कानात नव्हतंच. तुमच्या कॉलरला टेकलं होतं.”

सरांना काहीच उमगेना. “मग… मग तू डॉक्टरांकडे गेलीस कशाला?”

“तुम्ही खोटं बोललात, हे त्यांच्याकडून लिहून आणायला!”