पालथी चरवी

बनाक्कानं चरवी विसळली, पाणी रस्त्यावर भिरकावलं आणि समोरच्या दोघांना पालथी करून दाखवली.

"बघा पावणं, रिकामी हाय. मागनं पाणी घातलं म्हणू नगासा."

मलकापूरहून आलेल्या त्या दोघांनी माना डोलावल्या. मग ती म्हशीखाली उकिडवी बसली आणि चरवीत धार वाजू लागली. गंगावेशीतल्या या दुधाच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी हेच चालतं. म्हशी रस्त्याकडेला उभ्या, गिऱ्हाईक समोर, दूध डोळ्यांदेखत. चरवी पालथी करायची ती मात्र परक्यापुरती. रोजच्या माणसाला कुणी दाखवत नाही. दाखवली तर त्याला राग येईल.

अनुजा दोन पावलं मागं उभी होती. पाच वर्षांची असल्यापासून ती बनाक्काकडचं दूध पीत आली होती, आणि चरवीत तिनं एकदाही डोकावलं नव्हतं. आज ती काहीतरी सांगायला आली होती.

तीनच सडांना धार लागत होती. चौथा वाळक्या मिरचीसारखा लोंबत होता.

"याला काय झालं हो?" पाहुण्यांपैकी एकानं विचारलं.

"यंत्र लावलं मी मेलीनं," बनाक्का म्हणाली. तिचं साधं बोलणंही पार चौकापर्यंत ऐकू जायचं. "बोटं आखडत्यात आता. म्हणून दूध काढायचं यंत्र मागवलं, बॅटरीवरचं. म्हशीला दगडी झाली. कास सुजून दगडावानी. डॉक्टर आला, सुया झाल्या, पर सड गेला त्यो गेलाच." मग तिनं हनुवटीनं अनुजाकडं खूण केली. "ही आमची अनुजा. मोबाईलवर गोठ्याच्या वस्तू दाखवती, हजारो लोक बघत्यात. हिनं बेस दाखवलं हुतं. माझाच हात अडाणी, मला जमलं न्हाय."

पाहुण्यांनी अनुजाकडं कौतुकानं पाहिलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बनाक्कानं चार शिव्या घातल्या असत्या तर तिनं त्या निमूट ऐकून घेतल्या असत्या. हे कौतुक काही घशाखाली उतरेना.

पेले रिकामे करून पाहुणे निघून गेले.

"बनाक्का, तुझा हात चुकला न्हाय."

"मग?"

"कंपनीनं मला ते यंत्र फुकट दिलेलं. आणि व्हिडिओच्या खाली लिंक असती. तिथनं कुणी घेतलं की मला पैसे मिळत्यात. तुझ्या सुनेनं तिथनंच मागवलं. तुझंबी मिळालं."

म्हशीच्या पाठीवरून फिरणारा बनाक्काचा हात थांबला.

"दलाली?"

अनुजा आजवर त्याला कोलॅबरेशन म्हणत आली होती. आईबापांनाही तिनं तेच सांगितलं होतं. हा बाजारातला शब्द तिच्या ध्यानीमनीही नव्हता, आणि आता दुसरा कुठला सुचेना.

"व्हय."

"मग त्यात काय वाईट? म्हशीच्या बाजारात दलाल असतोयच की. पर त्यो दलाल हाय हे सगळ्यास्नी ठावं असतंय. त्यो बोलला की आम्ही निम्मं सोडून देतो. तुझं मी अख्खं ऐकलं, अनू."

"मी लिहिलं हुतं, बनाक्का. व्हिडिओच्या खाली. अगदी शेवटाला. इंग्रजीत."

नियमानं तिनं काही लपवलं नव्हतं. ती ओळ टाकताना तिला बरंही वाटलं होतं, चला, आपण सुटलो.

"मला मराठी तरी वाचता येतंय व्हय?"

अनुजानं पाहुण्यांचे रिकामे पेले उचलून एकात एक घातले.

"आणि व्हिडिओतली ती म्हस?" बनाक्कानं विचारलं. "ती तर गप हुबी हुती की."

"लाथ झाडलेली तिनं. यंत्र लावल्या लावल्या." अनुजा म्हणाली. "ते मी कापून टाकलं."

बनाक्का ओरडली नाही. एरवी भाजीच्या जुडीत एक काडी कमी निघाली तर गल्ली डोक्यावर घेणारी बाई, पण आज तिनं नुसतं त्या वाळल्या सडाकडं पाहिलं. अनुजा भडाभडा बोलत सुटली. उद्याच नवा व्हिडिओ टाकते, सगळं तोंडानं सांगते, जुना काढून टाकते, डॉक्टरचा खर्च मी देते. बोलता बोलता तिलाच कळून चुकलं की हे सगळं तीन महिन्यांपूर्वी, यंत्राचा व्हिडिओ टाकतानाच सांगायचं होतं.

"म्हस ऱ्हाईल तीन सडांवर," बनाक्का एवढंच म्हणाली. आवाज इतका खाली, की अनुजाला वाकून ऐकावं लागलं.

मग ती उठली. अनुजाचा रोजचा पेला तिनं कट्ट्यावर ठेवला. तो ठेवलेला बघून पोरीच्या जिवात जीव आला. माफ केलं म्हणायचं म्हातारीनं.

बनाक्कानं चरवी उचलली. बादलीतलं पाणी घालून विसळली, पाणी रस्त्यावर भिरकावलं. पण म्हशीकडं ती वळली नाही. दोन पावलं पुढं येऊन तिनं चरवी अनुजाच्या डोळ्यांसमोर पालथी धरली. काठावरून दोन थेंब खाली पडले.

"बघा," ती म्हणाली, "रिकामी हाय."