तीन हजारांतला एक

"दहाव्याला लावाया फोटो पायजे," असं म्हणत छबूबाई कोल्हारच्या कृपादानच्या फोटो स्टुडिओतल्या बाकावर टेकल्या. "नातवाच्या लग्नात तुमी काढलाच असंल. आधारकार्डावर आमचं मानूस पार चोरावानी दिसतंय."

लग्नाला तीन आठवडे झाले होते, सूर्यभानतात्यांना जाऊन आठवडा. हात्तिच्या, एवढंच ना! कृपादानने कॉम्प्युटर सुरू केला. त्या एका लग्नाचे तीन हजारांवर फोटो होते.

तो बघत गेला. अक्षता, करवल्या, डीजेपुढची पोरं, नवरीची मेंदीच वीस-बावीस वेळा. तात्या कुठंच नाहीत. कुठं नुसता खांदा, कुठं पाठ. कृपादानला घाम फुटला. रीळ होतं तेव्हा लग्नाला छत्तीस फोटो, लईच झाले तर बहात्तर. पहिला फोटो घरच्या म्हाताऱ्यांचा, खुर्चीवर बसवून; मग बाकीचं लग्न. बटण दाबायच्या आधी तो दहादा बघायचा. तेव्हा हा नेम कधी चुकला नाही. आणि आता? दिसेल ते दाबत सुटायचं, निवडू नंतर. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"न्हाई का?" छबूबाईंनी विचारलं.

"आहे, मावशी. थांबा जरा." तो चक्क खोटं बोलला.

मग नाचणाऱ्या पोरांचा एक फोटो त्याने मोठा केला. पोरांच्या मागं, मांडवाच्या खांबाशी, खुर्चीवर तात्या बसलेले. नवा फेटा, हात गुडघ्यांवर, नजर थेट कॅमेऱ्याकडं. पण फोकस सगळा पोरांवर, तात्या पुसट. पुढच्या फोटोतही तेच. त्याच्या पुढच्याही. त्याने फोटोंवरची वेळ पाहिली. पाऊण तास तात्या तसेच बसून होते.

हे कसं झालं, त्याला काही केल्या आठवेना.

छबूबाई उठून पडद्याजवळ आल्या. पुसट तर पुसट, त्यांनी नवऱ्याला लगेच ओळखलं.

"तुमीच बसवलं हुतं की त्यांना," त्या म्हणाल्या. "तात्या, हलू नका, आलोच, असं म्हनून तिकडं पळालात. मी जेवाया उठवाया गेले, तर माझ्यावरच खेकसले. फोटो हलंल म्हनले."