पोस्टात जायची सायकल

तिसऱ्या सायकललाही मास्तरांनी नाक मुरडलं. ब्रेक लिबलिबीत आहेत म्हणाले. पहिलीचा दिवा मिणमिणता निघाला होता आणि दुसरीचं हँडल म्हणे एका अंगाला ओढत होतं. दुकानदाराने मुकाट्याने तिसरीही बाजूला सारली. निम्म्या शहराप्रमाणे तोही गाडी चालवायला मास्तरांच्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकला होता, आणि तेव्हा खाल्लेली बोलणी त्याला अजून तोंडपाठ होती.

मास्तरांनी स्कूल कधीच बंद केलं होतं. गाडी मात्र सुटली नव्हती. रोज सकाळी ते बायकोला पोस्टात सोडत आणि संध्याकाळी आणायला जात. आज बायकोला सायकल हवी होती. शहरातल्या शहरात रोज जायला-यायला बरी, पाठीला आराम देणारी. गुडघे धरतात, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय, असं तिने मास्तरांना सांगितलं होतं. डॉक्टरांकडे ती गेलीच नव्हती. गुडघेही ठणठणीत होते.

दुखणं होतं ते मास्तरांच्या डोळ्यांचं. मागे त्यांनी स्वतःच्याच फाटकाला गाडी घासली आणि फाटक वाकडं बसवलं म्हणून गवंड्याच्या नावाने बोटं मोडली. परवा चौकात तर एक बाई मुलीचा हात धरून रस्ता ओलांडत होती. शेजारी बसलेली बायको ‘अहो’ म्हणून ओरडली तेव्हा कुठे गाडी थांबली. ‘मी बघितलं होतं त्यांना,’ मास्तर म्हणाले.

मुलाने एकदा हा विषय काढून पाहिला होता. मास्तर आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. ज्याने जन्मभर लोकांच्या चुका काढून पोट भरलं, त्याची चूक काढायची कोणी? म्हणून बायकोने आडवळण घेतलं होतं. तिला सोडायला जायचंच नसेल तर गाडी आपोआप अंगणात उभी राहील. मास्तरांचा मान राहील आणि रस्त्यावरच्या लोकांचे जीवही. पण मास्तर एकेक सायकल नापास करत सुटले होते. आज काहीच पसंत पडलं नाही तर उद्या सकाळी पुन्हा त्याच गाडीत, त्यांच्या शेजारी, जीव मुठीत धरून बसायचं होतं.

दुकानदाराने चौथी काढली. ही हायब्रीड, म्हणाला, ना शर्यतीची ना डोंगरातली. टायर ना फार बारीक ना फार जाड. हँडल उंचावर, म्हणजे पाठ वाकवायला नको. सीट रुंद. मधली दांडी खाली उतरलेली, त्यामुळे पाय उंच टाकून चढायची कसरत नाही. त्याने मास्तरांच्या बायकोला सीटवर बसवलं, टाच पॅडलवर ठेवायला लावली आणि पाय सरळ झाला त्या उंचीवर सीट आवळली. मास्तर तोवर सायकलच्या अंगावरून तळहात फिरवत होते. मुरलेला माणूस, सांधे तपासतोय, असं दुकानदाराला वाटलं. ते हाताने बघताहेत, हे फक्त बायकोला कळत होतं.

‘चालवून दाखव,’ मास्तर म्हणाले.

ती समोरच्या रस्त्यावर गेली. मास्तर दुकानाच्या दारात उभे राहिले. रस्त्यात कुणाचा हॉर्न वाजला की त्यांचा उजवा पाय आपोआप पायरी दाबायचा. शिकवताना त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असायचा, त्याची ती सवय. दुकानदाराने हसून सांगितलं की मास्तर, इथे तुमचा ब्रेक नाही. मास्तरही हसले.

पलीकडच्या कडेने परत येताना तिने मास्तरांना हात केला. मास्तरांनीही हात केला, पण भलतीकडेच. तिकडून दुसरीच कोणी बाई सायकलवरून चालली होती. मास्तर तिच्याकडे बघून मान डोलवत होते, छान, छान, सावकाश. त्या बाईने गोंधळून उलट हात केला. दुकानदाराच्या ओठावर आलेली थट्टा ओठावरच राहिली. तो उगाच एका चाकातली हवा बघायला वळला.

बायकोने हे सगळं पलीकडून पाहिलं. तिला रडू आलं. सायकल धरून ती कोपऱ्यावर थोडा वेळ उभी राहिली, पदराने तोंड पुसलं आणि मग रस्ता ओलांडून दुकानापाशी आली. संसारात तिने मास्तरांचा शब्द सहसा मोडला नव्हता. आज मोडायचा, असं ठरवूनच ती आली होती.

‘मला हीच हवी,’ ती म्हणाली. ‘तुम्ही काही म्हणा.’

मास्तरांनी पुढचा ब्रेक दाबून पाहिला, मग मागचा. हँडल दोन्हीकडे वळवलं. दिवा लावून त्याच्या अगदी जवळ तोंड नेलं. बायको पुढच्या खोडीची वाट बघत होती. भांडायची तिची तयारी होती.

‘मग मास्तर, करू का पक्की?’ दुकानदाराने विचारलं.

‘कर,’ मास्तर म्हणाले. ‘फक्त घंटी चांगली मोठ्या आवाजाची बसव. संध्याकाळी मी फाटकात उभा असेन. ही आलेली मला आता दिसत नाही, ऐकू तरी आली पाहिजे.’