ग्रहणाचं पाणी

गच्चीवर पाऊल टाकलं आणि विनता जागच्या जागी थिजली. काचेच्या मोठ्या बरण्या घासूनपुसून उन्हात पालथ्या घातल्या होत्या. इतक्या लख्ख, की तोंड पाहून घ्यावं. काल संध्याकाळपर्यंत त्यांत हिरवंगार शेवाळ होतं.

"आई!" ती ओरडतच जिना उतरली. "बरण्यांतलं पाणी कुठंय?"

तिच्या सासूबाई, भानुमतीबाई, ओल्या केसांनी स्वयंपाकघरात उभ्या होत्या. गॅसवर पातेल्यात पाणी उकळत होतं.

"फेकलं," त्या म्हणाल्या. "रात्री चंद्रग्रहण नव्हतं का? हंडे, कळशा, माठ, सगळं रिकामं केलं. एकटीनं! काहून वं, अशी काहून पाहून राहिली?"

"कुठं फेकलं?"

"मोरीत. अन् वरून फिनाईल टाकलं. किती वास मारून राहिलं होतं ते!"

विनता मोरीपर्यंत धावली आणि तशीच परतली. वास मारणारच. म्हशींच्या शेणामुताचं पाणी होतं ते. त्या पाण्यात दुसरी शेवाळं पांढरी पडून मरतात. हे शेवाळ मात्र त्या घाणीवरच पोसायचं आणि पाणी निवळून द्यायचं. कुठले कुठले नाले धुंडाळल्यावर तिला ते सापडलं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत रंगकाम निघालं म्हणून होतं नव्हतं तेवढं सगळं तिनं घरी, गच्चीवर आणून ठेवलं होतं. मागे थेंबभरही उरलेलं नव्हतं. आणि उद्या सकाळी सिहोऱ्याच्या एका डेअरीतल्या सांडपाण्याच्या खड्ड्यात ते पहिल्यांदा सोडायचं होतं.

"मी बजावलं होतं ना तुम्हाला!" तिला राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

"तू म्हणालीस, माझं पाणी आहे, सांभाळा. आता पाणी म्हटल्यावर ग्रहण सुटल्यावर ठेवतं का कोणी घरात?" भानुमतीबाईही चिडल्या. "तुळशीचं पान टाकून ठेवायचं होतं. बोट लावलं नसतं मी. दुधात टाकलं, दह्यात टाकलं, लोणच्याच्या बरणीतही टाकलं. मला काय माहीत, ह्या घाणीतही टाकायचं असतं म्हणून?"

विनतानं कपाळावर हात मारला.

तेवढ्यात फोन वाजला. डेअरीवाले योगेंद्रजी.

"मैडम, कल पक्का ना? जेसीबी आई हुई है. आप नहीं आईं तो मैं गड्ढा भरवा दूँगा. भैंसें गिरती हैं उसमें. बार-बार नहीं रुकूँगा, हाँ."

या माणसाला खड्ड्यासाठी राजी करताना विनताच्या चपला झिजल्या होत्या. आसपासच्या दुसऱ्या कुठल्याच डेअरीवाल्यानं तिला दारात उभं केलं नव्हतं.

"आ रही हूँ, भैया," ती म्हणाली. "सुबह की बस से."

फोन ठेवला आणि तिला स्वतःचंच नवल वाटलं. येते म्हणाली खरी, पण नेणार काय? धुतलेल्या बरण्या?

भानुमतीबाईंनी सांडशीत पातेलं धरलं आणि त्या ओट्याकडे वळल्या. ओट्यावरच्या ताटात प्लॅस्टिकची एक बारीक नळी वेटोळं करून ठेवलेली होती. बरण्यांत हवा सोडायची नळी.

"ही तेवढी राहिली," त्या पुटपुटल्या. "आत काडीही जात नाही. हे उकळतं पाणी ओतते, म्हणजे ही पण सुटली एकदाची."

"थांबा!"

विनतानं झडप घालून नळी उचलली. पाणी हिंदकळलं, तिच्या मनगटावर सांडलं. तिला ते कळलंही नाही. खिडकीशी जाऊन तिनं नळी उजेडात धरली. टोकाकडच्या वीतभर भागात आतून हिरवा थर धरला होता. ओला होता अजून.

"आई, ते पाणी फेकू नका. द्या इकडं."

"आता हे कशाला?"

"द्या तर."

तिनं उकळत्या पाण्यानं काचेचा एक पेला धुतला, ब्लेड धुतलं. पेला गार होऊ दिला. फ्रिजमधून शेवाळ वाढवायच्या क्षारांच्या पाण्याची बाटली काढून त्यात थोडं ओतलं. मग श्वास रोखून तिनं नळी उभी चिरली आणि तो थर हलक्या हातानं खरवडून पेल्यात सोडला. पेला हलवला. पाणी जेमतेम हिरवट झालं.

भानुमतीबाई जवळ येऊन वाकून पाहू लागल्या. त्यांचा आवाज आता उतरला होता. "एवढंसं?"

"एवढंसं पुरतं. जिवंत आहे ना, वाढेल."

"अन् उद्या?"

"उद्या हेच नेते. त्यांच्याच गोठ्याशेजारी बादल्या मांडते अन् वाढवते. खड्ड्यापुरतं व्हायला वेळ लागेल, लागू द्या. रोज जाईन सिहोऱ्याला. जेसीबीसमोर उभी राहीन, पण तो खड्डा बुजू देत नाही मी."

भानुमतीबाई चपला सरकवून अंगणात गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या चिमटीत तुळशीचं एक पान होतं. धुऊन आणलेलं. त्यांनी सरळ पेल्याकडे हात नेला.

विनतानं तो वरच्यावर धरला. प्रयोगशाळेत ती या पाण्यावर कुणाला शिंकूसुद्धा देत नसे. तिनं सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. मग हात सोडला, पेल्यावर मलमलीचं धुतलेलं फडकं ताणून बसवलं, रबर लावलं.

"आत नको, आई. इथं ठेवा. वर."

भानुमतीबाईंनी फडक्याच्या बरोबर मधोमध पान ठेवलं, बोटानं हलकेच दाबलं.

"चलो," त्या म्हणाल्या. "आता लागू दे किती ग्रहणं लागायची ती."