डावीकडच्या सीटवरची टक्कर

समोर ना गाडी, ना माणूस, तरी सिग्नलजवळ डावीकडची एअरबॅग धाडकन फुगली. या महिन्यातली ही तिसरी. तेजलने वैतागून गाडी तडक सर्व्हिस सेंटरला नेली.

इंजिनिअरने खिडकीतून वाकून नोंदी तपासल्या. "मॅडम, बिघाड काहीच नाही. ही सीट माणसाचं दचकणं ओळखते आणि टक्कर व्हायच्या आधीच बॅग उघडते. डावीकडे बसणाऱ्याला सारखं वाटतंय, आता आदळणार."

तेजलने शेजारी बसलेल्या वडिलांकडे पाहिलं. गाडी बंद होती, तरी त्यांचा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबून धरत होता.

"बाबा, अकरा वर्षं बस चालवतेय मी! रोज चाळीस माणसं माझ्यामागे खुशाल घोरत असतात!"

"घोरणारच," बाबा पुटपुटले. "त्यांनी तुला सायकलवरून पडताना कुठे पाहिलंय?"